झाडं नसलेल्या दरीतलं सरपण

सॅक इतक्यात उतरवू नका, अजून आठेक किलोमीटर चालायचं आहे. तुम्ही उभे आहात ती चेक्चा खिंड. स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, आबिस्कोत सुरू होऊन दक्षिणेला हेमावानपर्यंत सुमारे 440 किलोमीटरची ‘कुंग्सलेदेन’ नावाची पायवाट जाते. तिच्यावरची ही सर्वांत उंच जागा, साधारण 1,150 मीटर. कळसूबाई याहून पाचशे मीटरनं उंच, पण इथल्या अक्षांशावर उंचीचा हिशेबच वेगळा. बर्चची झाडं सहा-सातशे मीटरवरच थांबली. पुढं दिसते ती हिमनदीनं कोरून काढलेली, रुंद तळाची, दोन्हीकडे काळे कडे असलेली दरी. तिच्यात गवत आहे, दगड आहेत, घोट्याएवढी बर्चची झुडपं आहेत, ओढ्याकाठी वाळुंजाच्या जाळ्या आहेत. झाड मात्र एकही नाही.

ऑगस्टचा शेवट आहे. झुडपांची पानं तांबडी व्हायला लागली आहेत आणि डासांचा जोर सरला आहे. दलदल आली की वाटेवर दोन फळ्या शेजारी शेजारी टाकलेल्या असतात. ओल्या फळीवर पाय जपून ठेवा. दगडांवरचे लाल ठिपके उन्हाळ्यातल्या वाटसरूंसाठी. उंच खांबांवरच्या लाल फुल्या हिवाळ्यासाठी, कारण तेव्हा ठिपके बर्फाखाली गडप झालेले असतात.

तीन तासांनी लाकडी घरांचा एक पुंजका दिसतो. हे सेल्का. स्वीडिश पर्यटक संघटनेच्या डोंगरघरांपैकी एक. उत्तरेकडचं चेक्चाचं घर इथून 12 किलोमीटर, दक्षिणेकडचं सिंगीचं घर तेवढंच लांब. मधे वस्ती नाही, रस्ता नाही. दारात घराची राखणदार उभी आहे. ती तुमच्या हातात कोमट सरबताचा पेला देते आणि मग तुम्हाला कामाला लावते. पिण्याचं पाणी त्या ओढ्यावरून आणायचं. खरकट्या पाण्याची बादली वेगळी. ती ठरलेल्या खड्ड्यातच ओतायची. शौचालय तिकडं, सरपणाची शेड इकडं. करवत आणि कुऱ्हाड भिंतीला टांगलेली आहे. वीज नाही, नळ नाही. स्वयंपाकाला गॅस, उबेला लोखंडी शेगडी, आणि संध्याकाळी लाकडावर तापवलेलं बाष्पस्नानाचं घर. त्यात बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी, सगळ्यांची मिळून वेगळी.

सगळ्यात महत्त्वाचा नियम ती शेवटी सांगते. सकाळी निघण्याआधी पाण्याची बादली भरलेली हवी, सरपण फोडून शेगडीशेजारी रचलेलं हवं, फरशी झाडलेली हवी. संध्याकाळी जो कुणी थंडीनं कुडकुडत येईल त्याला काडी ओढता आली पाहिजे.

तुम्ही कुऱ्हाड उचलता. पांढऱ्या सालीचा ओंडका चर्रकन दुभंगतो. हा बर्च आहे. पण डोळे पोहोचतील तिथवर झाड नाही, मग हा आला कुठून?

या एका प्रश्नासाठी आजचा प्रवास आहे. पद्धत सोपी आहे. रिकामी बादली घ्यायची, ओढ्यावर जायचं, पाणी भरून मागं वळायचं. प्रत्येक वेळी मागं वळाल तेव्हा साल बदललेलं असेल.

ऑगस्ट 1883

घर नाही. फळ्या नाहीत, लाल ठिपके नाहीत. पण वाट आहे. जमिनीत खोलवर रुतलेली, खुरांनी आणि पायांनी तयार झालेली वाट. ती ओढ्याकाठच्या कोरड्या उंचवट्यावर जाते आणि तिथं गवताच्या ढेकळांनी लिंपलेल्या घुमटातून धूर निघतो आहे. ही गोआह्ती, रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांचं घर. वाकून आत जा आणि दाराशीच बसा. पाहुण्यानं आपण होऊन आत सरकायचं नसतं. मधोमध दगडांनी आखलेली चूल. तिच्या पलीकडची, दारासमोरची जागा मानाची, तिच्यावरून पाय टाकू नका.

घरातली बाई तुमच्याकडे एकदा पाहते आणि चुलीत काड्या सारते. आता नीट बघा, प्रश्नाचं पहिलं उत्तर इथं आहे. काड्या बोटाएवढ्या आहेत. ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या, खुरट्या बर्चच्या. ज्या दरीत झाड नाही त्या दरीत जेवढं मिळतं तेवढ्यावर चूल पेटते. ते पुरतं, कारण ही माणसं इथं बारा महिने राहत नाहीत. हिवाळ्यात कळप खालच्या जंगलात असतो. वसंतात माद्या डोंगराकडे निघतात आणि माणसं त्यांच्या मागं निघतात. उन्हाळा वर, मग पुन्हा खाली. एका जागेवरचं सरपण संपायच्या आत मुक्काम हललेला असतो.

बाई लाकडी कपात कॉफी ओतते आणि तिच्यात चीजचा तुकडा टाकते. रेनडियरच्या दुधाचं चीज. एक मादी एका वेळी जेमतेम पेलाभर दूध देते, पण ते सायीसारखं दाट असतं. तुमचे ओले मोजे पाहून ती हसते. तिच्या चामडी जोड्यात मोजे नाहीत, कुटून मऊ केलेलं गवत भरलेलं आहे. ओलं झालं की काढून वाळवायचं आणि पुन्हा भरायचं.

याच महिन्यात शार्ल राबो नावाचा फ्रेंच भूगोलतज्ज्ञ तीन सोबत्यांसह शेजारच्या डोंगररांगेत चढतो आहे. केबनेकाइसे या डोंगराच्या दक्षिण शिखरावर पाय ठेवणारी ही पहिली नोंदलेली मंडळी. दोन वर्षांनी, 1885 मध्ये, उप्सालात स्वीडिश पर्यटक संघटना स्थापन होईल. लोकांना आपला देश पायी फिरून ओळखता यावा हा तिचा हेतू. दक्षिणेकडच्या शहरांतून पाहिलं तर या दरीत काही नाही. तुम्ही मात्र आत्ताच इथल्या एका घरात कॉफी पिऊन बाहेर आलात.

1908

या खेपेला ओढ्याऐवजी समोर अफाट तळं आहे. तोर्नेत्रेस्क. सेल्कापासून उत्तरेला साठेक किलोमीटर, पण या वर्षी पाहायचं ते इथंच आहे. काठानं लोहमार्ग जातो. किरुनाच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरात नेण्यासाठी तो टाकला. तिथला समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही. 1903 मध्ये राजाच्या हस्ते या मार्गाचं उद्घाटन झालं. खनिज पश्चिमेला जातं आणि उलट दिशेनं एक नवी गोष्ट येते: पर्यटक. आबिस्कोला उतरायची सोय झाली. तिकडं केबनेकाइसेच्या पायथ्याशी पर्यटक संघटनेनं 1907-08 मध्ये डोंगरस्थानक बांधलं. रस्ता नाही, म्हणून जे काही आत जातं ते बर्फावरून घसरगाडीनं, नाहीतर माणसाच्या पाठीवर. खिळेसुद्धा.

शरद ऋतू आहे. तळ्याकाठच्या एका लहान घरात दोन माणसं बसली आहेत. एक योहान तूरी, लांडग्यांचा शिकारी, वयानं पन्नाशीच्या पुढचा. समोर एमिली देमांत, डेन्मार्कची चित्रकार. ती सामी भाषा शिकली आहे आणि सामी कुटुंबांबरोबर स्थलांतराच्या वाटेवर चालली आहे. तूरी वह्या भरतो आहे. कळप कसा हाकायचा, लांडगा कसा ओळखायचा, बर्फाचे प्रकार, औषधं, गाणी, भुतंखेतं. एमिली पानं लावते, नीट उतरवते आणि डॅनिशमध्ये आणते. 1910 मध्ये कोपनहेगनला हे पुस्तक दोन्ही भाषांत निघेल. सामी माणसानं सामी भाषेत लिहिलेलं हे पहिलं धर्मेतर पुस्तक. त्याला आधार देणारा होता याल्मार लुंडबूम, किरुनाच्या खाण कंपनीचा प्रमुख. ज्याच्या खाणीनं इथली चराई कापली, त्यानंच चराईवाल्याचं पुस्तक छापायला मदत केली. इतिहासात खलनायक शोधायला निघालात तर या दरीत तुमची पंचाईत होईल.

तूरीची आशा साधी होती. राज्यकर्त्यांना आपलं जगणं माहीत नाही म्हणून ते चुकीचे कायदे करतात, एकदा नीट सांगितलं की कळेल. पुढच्या बादलीत त्या आशेचं काय झालं ते दिसेल.

मधल्या एका वर्षी पाणी थोडं हिंदकळतं: 1909. स्वीडननं एकदम नऊ राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, युरोपातली पहिली. आबिस्को त्यांपैकी एक, सारेक दुसरं. माणसाचा हात न लागलेला निसर्ग जपायचा म्हणून. त्यांतल्या डोंगराळ उद्यानांत किती पिढ्यांच्या चुली होत्या, ते तुम्ही पाहून आला आहात.

1930 च्या आसपास

मागं वळाल तर आता लाकूड दिसेल. आबिस्कोच्या दक्षिणेला एकेक करत लाकडी घरांची रांग उभी राहते आहे आणि वाटेला ‘कुंग्सलेदेन’ हे नाव रुळू लागलं आहे. असल्या एका घरात शिरा. एकच खोली, भिंतीला धरून फळ्यांचे बिछाने, मधे लोखंडी शेगडी. दोरीवर लोकरीचे मोजे वाळताहेत. स्टॉकहोमहून आलेले विद्यार्थी स्कीच्या तळाला मेण घासताहेत. ऊब आहे, हसणं आहे. शेगडीत बर्चचा ओंडका जळतो आहे. तो खालच्या दरीतल्या जंगलातून हिवाळ्यात घसरगाडीवर चढून आला. गाडीला खच्ची केलेला, माणसाळलेला रेनडियर, त्याच्या मागं बांधलेला दुसरा, त्याच्या मागं तिसरा. अशी माळ हाकायची विद्या इथं कुणाकडे होती, ते वेगळं सांगायला नको.

आता दार उघडून बाहेर या आणि थोडं चालून सामींच्या मुक्कामापर्यंत जा. तिथं अजून गोआह्तीच आहे. आवड म्हणून असती तर बोलायचं कारण नव्हतं. पण या काळातलं सरकारी धोरण स्पष्ट आहे: डोंगरातल्या चराईवाल्या सामीनं फिरतंच राहिलं पाहिजे. पक्क्या घराची सवय लागली तर तो कळप सोडेल आणि दोन्हीकडचा जाईल. 1913 च्या कायद्यानं या मुलांसाठी ‘भटक्यांच्या शाळा’ काढल्या. लहान मुलांचे वर्ग गोआह्तीतच, शिक्षण मुद्दाम थोडंच, म्हणजे मुलं डोंगराला परकी व्हायची नाहीत. उप्सालात 1922 मध्ये ‘वंशजीवशास्त्र’ संस्था निघाली. तिचे लोक इथं येऊन कवट्या मोजतात, फोटो काढतात. 1919 मध्ये स्वीडन आणि नॉर्वे यांच्यात चराईचा करार झाला. त्यानंतर उत्तर टोकाच्या अनेक कुटुंबांना समुद्रकाठची उन्हाळी कुरणं सोडून, कळपांसह, शेकडो किलोमीटर दक्षिणेला हलवण्यात आलं. ती गेली ती परत न येण्यासाठी. त्यांची कहाणी एलिन आन्ना लाब्बा या सामी लेखिकेनं शंभर वर्षांनी मांडली. 2020 मध्ये त्या पुस्तकाला स्वीडनचा ऑगस्ट पुरस्कार मिळाला.

इथं थोडं थांबा, पाणी भरायची घाई नाही. एकाच काळात, एकाच डोंगरात दोन प्रकारची छपरं आहेत. सुटीत आठवडाभर येणाऱ्याला चार लाकडी भिंती आणि शेगडी. जन्मभर इथं राहणाऱ्याला मात्र पक्की भिंत वाईट, असा सल्ला, आणि सल्ल्यामागं कायदा. लाकडी घर बांधणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. विद्यार्थी, कारकून, शिक्षक यांना स्वस्तात डोंगर दाखवायचा होता आणि तो त्यांनी दाखवला. पण दरी रिकामी आहे असं धरून चालल्याशिवाय हे इतकं सहज झालं नसतं.

1942, मग 1946

ही बादली अर्धीच भरा. 1942 मध्ये आबिस्कोवरून जाणाऱ्या गाड्यांत खनिजाबरोबर जर्मन सैनिकही आहेत. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात आहे, स्वीडन तटस्थ आहे, पण 1940 ते 1943 या काळात रजेवर जाणाऱ्या-येणाऱ्या जर्मन सैनिकांना स्वीडिश रुळांवरून वाट दिली गेली. त्याच वेळी डोंगरातून, रात्रीच्या अंधारात, नॉर्वेतली माणसं उलट दिशेनं स्वीडनकडे येत होती. युद्ध संपेपर्यंत अशा निर्वासितांची संख्या हजारोंवर गेली. सरहद्दीचे डोंगर ओलांडून येणाऱ्याला एका रात्रीच्या उबेची किंमत कुणी सांगावी लागत नव्हती.

1946 मध्ये केबनेकाइसेच्या पूर्वेकडे, तारफाला दरीत, वाल्तेर शूत् नावाचा तरुण संशोधक बर्फात खड्डे खणतो आहे. स्तूरग्लासियेरेन या हिमनदीवर हिवाळ्यात किती बर्फ साठला आणि उन्हाळ्यात किती वितळला, याचा जमाखर्च मांडायचा. बर्फात खुंट रोवायचे, थराची घनता मोजायची, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काम कंटाळवाणं, पण ते थांबलं नाही. एखाद्या हिमनदीच्या जमाखर्चाची जगातली सर्वांत लांब अखंड मालिका ती हीच. तिचा निकाल 2019 च्या बादलीत येईल.

1960 चं दशक

मार्च महिना. दरी पांढरीफेक आहे आणि इतक्या वर्षांत प्रथमच तुम्हाला इंजिनाचा आवाज येतो. बर्फावरची स्कूटर. मागं जोडलेल्या घसरगाडीवर बर्चचे ओंडके, गॅसच्या टाक्या, पिठाची पोती. ओंडक्याला खालच्या जंगलातून वर यायला दिवस लागायचे, आता तास लागतात. सरपणाचा प्रश्न जवळजवळ सुटला. पुढं हेलिकॉप्टरही आलं आणि बर्फ नसतानाही माल येऊ लागला.

सामींच्या मुक्कामात याच यंत्रानं सगळं उलटंपालटं केलं. जो कळप स्कीवरून, कुत्र्याच्या मदतीनं, दिवसरात्र राखावा लागे, तो आता वेगानं हाकता येतो. ओझी वाहणाऱ्या रेनडियरची माळ काही वर्षांतच दिसेनाशी झाली. कुटुंबं खाली घरांत राहू लागली आणि डोंगरात कामापुरती यायला लागली. पण यंत्राला पेट्रोल लागतं, पेट्रोलला पैसे, पैशाला जास्त मांस. ज्या धंद्यात कालपर्यंत रोकड फारशी लागत नव्हती, तो बँकेच्या कर्जाशी बांधला गेला.

या वाटेचा एक जुना चाहता 1961 मध्ये गेला: संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड. ते या पर्यटक संघटनेचे उपाध्यक्षही होते. आफ्रिकेत एन्डोलाजवळ त्यांचं विमान पडलं. आबिस्को ते निक्कालुओक्ता या टप्प्याला आज त्यांचं नाव आहे आणि वाटेत त्यांच्या वचनांचे दगड आहेत. बसायला चांगली जागा आहे, बसा हवं तर.

एप्रिल 1986

हिवाळी हंगामाचे शेवटचे दिवस. ऊन चांगलं लागतं, सकाळी बर्फ टणक आणि दुपारी मऊ. राखणदाराच्या खोलीत रेडिओ चालू आहे आणि सगळे त्याच्याभोवती जमले आहेत. 28 तारखेच्या सकाळी फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सार सापडला. आधी वाटलं गळती इथलीच. मग कळलं की वारा आग्नेयेकडून आला आहे आणि तिकडं, सोव्हिएत संघातल्या चर्नोबिलमध्ये, दोन दिवसांपूर्वी स्फोट झाला आहे.

तुमच्या डोक्यावरून बराचसा ढग टळला. पण जिथं त्या दिवसांत पाऊस पडला तिथं किरणोत्सारी सीझियम खाली आलं, आणि त्यात या वाटेचं दक्षिण टोक, हेमावानचा वेस्तरबोत्तेन प्रांत, सापडला. रेनडियर हिवाळ्यात दगडफूल खातो. दगडफुलाला मूळ नसतं. ते हवेतून आणि पावसातून सगळं शोषून घेतं, विष असलं तरी. ते दगडफुलातून रेनडियरच्या मांसात आलं. त्या शरदात कापलेल्या हजारो जनावरांचं मांस माणसांनी खाल्लं नाही, ते फेकावं लागलं. विक्रीसाठीची मर्यादा किलोला 300 बेकेरेल होती, ती 1987 मध्ये रेनडियरसाठी 1,500 करावी लागली, नाहीतर धंदाच उरला नसता. सीझियम-137 निम्मं व्हायला 30 वर्षं लागतात. दोन हजार किलोमीटरवरची चूक या लोकांच्या ताटात आली.

आता तुम्हाला कळलं असेल की या दरीला बाहेरचं जग लांब कधीच नव्हतं. लोहमार्गाची माती, सैन्याची गाडी, स्फोटाचा ढग, सगळं इथवर पोहोचलं. फक्त इथला आवाज बाहेर पोहोचायला वेळ लागला.

सप्टेंबर 2019, जानेवारी 2020

शेवटून दुसरी बादली. दोन बातम्या, चार महिन्यांच्या अंतरानं.

पहिली शिखराची. केबनेकाइसेला दोन माथे आहेत. दक्षिणेचा बर्फाचा, उत्तरेचा खडकाचा, 2,096.8 मीटर. राबो ज्याच्यावर चढला तो दक्षिणेचा माथा स्वीडनचा सर्वांत उंच बिंदू होता, शाळेतल्या पुस्तकातही तेच होतं. 3 सप्टेंबर 2019 ला स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा तो 2,095.6 मीटर भरला. खडक उंच ठरला, बर्फ मागं पडला. शूत् यांनी मांडलेल्या जमाखर्चात खर्चाची बाजू किती वाढली आहे, त्याचा हा सगळ्यांना समजणारा पुरावा. कळपांसाठी त्याचा अर्थ आणखी वेगळा आहे. ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो, मग गोठतो, आणि दगडफुलावर बर्फाचं झाकण बसतं. रेनडियर खुरानं बर्फ उकरू शकतो, काच फोडू शकत नाही. मग गोळीपेंड विकत आणून कळप जगवावा लागतो.

दुसरी न्यायालयाची. 23 जानेवारी 2020 ला स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयानं गिर्यास या सामी चराई-समूहाच्या बाजूनं निकाल दिला. त्यांचा डोंगर सेल्काच्या दक्षिणेला, याच वाटेच्या पुढच्या टप्प्यांवर आहे. 1993 मध्ये सरकारनं तिथली लहान शिकार सगळ्यांसाठी खुली केली होती. परवाने सरकार देत होतं. न्यायालयानं म्हटलं, त्यांच्या मुलखात लहान शिकार आणि मासेमारी यांचे परवाने द्यायचा हक्क त्यांचाच, कारण त्यांचा तिथला वापर फार जुना आहे. कागदावर नव्हता, वहिवाटीत होता. 1883 मध्ये जमिनीत रुतलेली जी वाट तुम्ही पाहिली, तसल्याच जुन्या वहिवाटीला न्यायालयानं हक्काचा आधार मानलं. दुसऱ्या वर्षी, 2021 मध्ये, स्वीडिश चर्चनं उप्सालात सामींची जाहीर माफी मागितली. योहान तूरीनं जे सांगायचं ठरवलं होतं ते कळायला शंभरावर वर्षं गेली.

आज

शेवटची बादली भरा, परत या. घर जागेवर आहे, राखणदार दारात आहे, तुम्ही अर्धवट फोडलेला ओंडका तसाच पडला आहे. पलीकडच्या बिछान्यावर जर्मनीचं एक जोडपं आहे, खाली कुणी एकटा माणूस नकाशा पसरून बसला आहे. सगळ्यांच्या वाट्याला तीच कामं. पैसे देऊन आलेल्या माणसाला झाडू मारायला लावणारी ही व्यवस्था गमतीशीर वाटेल, पण ती उभी आहे ती तेवढ्यामुळंच. एका माणसानं हयगय केली तर पुढचा माणूस थंडीत मरू शकतो, हे इथं सगळ्यांना पटलेलं आहे. म्हणून हंगाम संपून घरं बंद झाली तरी एक खोली उघडी ठेवतात. म्हणून दक्षिणेला, तेउसायाउरे तळ्यावर, तीन होड्या असतात आणि नियम असा की कुठल्याही काठावर किमान एक होडी उरली पाहिजे. तुमच्या काठावर एकच असेल तर वल्हवत पलीकडे जायचं, तिथली एक मागं बांधून परत आणायची, ती इथं सोडायची आणि पुन्हा पलीकडे जायचं. सुमारे किलोमीटरभर रुंदीचं पाणी, तीन वेळा. बघायला कुणी नसतं, तरी लोक वल्हवतात.

न पाहिलेल्या माणसासाठी, आपल्यामागून येणाऱ्यासाठी, एवढी काळजी या घरांनी लोकांना शिकवली आणि ती खरोखर मोठी गोष्ट आहे. आपल्या आधी आलेल्यांची काळजी घ्यायला मात्र त्यांना शतक लागलं. पहिला धडा शिकायला सोपा, कारण पुढचा माणूस आपल्यासारखाच असतो. दुसरा अवघड, कारण आधीचा माणूस वेगळा असतो, आणि तो दिसला की दरी आपली राहत नाही.

तुम्ही खरंच इथं येणार असाल, आणि हल्ली मराठी मुलखातूनही माणसं उत्तरेच्या वाटा धरतात, तर तयारीच्या यादीत चार गोष्टी वाढवा. सेल्काचा हंगाम दोनच वेळा असतो: उन्हाळ्यात जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत आणि हिवाळ्याच्या शेवटी, साधारण फेब्रुवारी-मार्चपासून एप्रिलअखेरीपर्यंत. मे महिना रेनडियरच्या विण्याचा, तेव्हा डोंगर त्यांना मोकळा राहू द्या. कळप समोर आला तर फोटोसाठी धावू नका. थांबा, खाली बसा, तो पुढं जाऊ द्या. ड्रोन घरी ठेवा. घाबरलेला कळप पांगला तर तो गोळा करायला माणसांचे दिवस जातात. उन्हाळ्यात तुम्हाला वासरांच्या कानांना खूण करायचं काम चाललेलं दिसलं, तर विचारल्याशिवाय जवळ जाऊ नका. ते कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे. आणि वाटेत गवतानं झाकलेला, दगडांनी आखलेला एखादा चुलीचा गोल दिसला तर त्यातले दगड हलवू नका. न्यायालयात पुरावा म्हणून उपयोगी पडतात ते असेच दगड.